स्टोरेजच्या शटरवर कुत्रा आणण्याआधी कारण लिहा : अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलना खुले पत्र

माननीय ॲटर्नी जनरल,
अमेरिकेची संयुक्त संस्थाने

सविनय नमस्कार.

मी मिनेसोटात राहणारा मराठी माणूस. आमच्या मंडळाचे गणपतीचे मखर, ढोल, समया आणि दोन-तीन घरांचे वाढीव सामान भाड्याच्या स्टोरेजच्या गाळ्यात असते. पत्र्याचे शटर, त्याला कुलूप आमचे, आणि किल्लीही आमच्याकडेच. त्या शटरखालच्या फटीला पोलिसांचा कुत्रा नाक लावतो, ती झडती की नाही?

मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कार्टर खटल्यात याचा निकाल लावला. राज्याच्या घटनेनुसार ती झडतीच आहे आणि तिच्यासाठी शब्दांत मांडता येईल असा संशय आधी हवा. पेनसिल्वेनियाने तर १९८७ मध्येच असा निर्णय दिला होता. पण गाळ्यांसमोरच्या त्याच कॉरिडॉरमध्ये आपले डीईएचे (अमली पदार्थांविरुद्धच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, यंत्रणेचे) अधिकारी आले आणि खटला फेडरल कोर्टात उभा राहिला, की राज्याच्या घटनेचे हे कवच उपयोगी पडत नाही. तिथे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या प्लेस आणि २००५ च्या कॅबालेस निकालांचा आधार घेतला जातो: कुत्रा फक्त बेकायदा माल दाखवतो, म्हणून त्याचे हुंगणे ही झडती नव्हे.

हे गृहीतकच आता टिकत नाही. २०१८ च्या फार्म बिलाने (शेतीविषयक केंद्रीय कायद्याने) हेम्पची, म्हणजे गांजाच्याच जातीच्या पण नशा न आणणाऱ्या पिकाची, शेती कायदेशीर केली, आणि हेम्प व गांजा यांचा वास कुत्र्याला वेगळा करता येत नाही. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गांजा ओळखायला शिकवलेल्या कुत्र्याचे हुंगणे झडतीच ठरवले, कारण तिथे प्रौढांना थोडा गांजा बाळगायची मुभा आहे. फेडरल कायद्यात गांजा आजही बेकायदा आहे, हे मला मान्य आहे. पण कॅबालेसमध्येच न्या. सूटर यांनी वेगळे मत नोंदवून बजावले होते की कधीच न चुकणारा कुत्रा फक्त कायद्याच्या कल्पनेत असतो. कुत्रा चुकला तर वॉरंट निघते, कुलूप तुटते आणि एखाद्या निर्दोष कुटुंबाचे खोके न् खोके उपसले जाते.

मॅनेजरने परवानगी दिली होती, असे सांगितले जाते. कॉरिडॉर त्याचा आहे, गाळ्यातले सामान नाही. हॉटेलचा कारकून पाहुण्याच्या खोलीची झडती घेऊ देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितले आहे. आत कोणी राहत नाही, म्हणून गाळा घराइतका खाजगी नाही, हा युक्तिवादही मला पटत नाही. घर बदलताना, घटस्फोटात, आई-वडील गेल्यावर माणूस आपले सगळ्यात जपलेले सामान तिथेच तर ठेवतो.

यासाठी आपल्याला कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच न्याय खात्याने, चालू तपासाशी संबंध नसताना विमानतळांवर आणि स्थानकांवर प्रवाशांना गाठून 'संमतीने' बॅगा तपासण्याची डीईएची पद्धत स्थगित केली होती. तसाच लेखी आदेश स्टोरेजबाबत काढावा. कुत्रा आत नेण्यापूर्वी गाळ्याचा क्रमांक आणि संशयाचे कारण कागदावर यावे. रांगेतले सगळे गाळे हुंगवत जाणे बंद व्हावे. कुत्र्याने इशारा दिला आणि आत काही सापडले नाही, अशा प्रत्येक वेळेची नोंद राहावी आणि ती वॉरंट मागताना न्यायाधीशांसमोर ठेवली जावी.

आपला विश्वासू,
मिनेसोटातील एक भाडेकरू