सरासरीच्या टक्क्यात न दिसणाऱ्या पेशी

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. साताऱ्यातल्या तुझ्या त्या रुग्ण बाईंच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकांच्या) डीएनएमधील ३२४३ या स्थानावरचे उत्परिवर्तन जेमतेम बारा टक्के आढळले, मग त्यांचा बहिरेपणा, मधुमेह आणि स्नायूंचा अशक्तपणा यांचे खापर त्यावर कसे फोडायचे, ही तुझी शंका रास्त आहे. तो आकडा खोटा नाही. पण लाखो पेशी एकत्र करून काढलेल्या त्या सरासरीवरून कोणत्याही एका पेशीची स्थिती कळत नाही.

मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए अवघा १६,५६९ बेस-जोड्यांचा असतो आणि त्यावर ३७ जनुके असतात. मात्र एकाच पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती नांदतात, आणि त्यांतल्या काही सदोष, काही निर्दोष असू शकतात. सदोष प्रतींचे प्रमाण साधारण साठ ते ऐंशी टक्क्यांपलीकडे जाईपर्यंत पेशी बहुधा निभावून नेते. ही मर्यादा ऊतीनुसार आणि उत्परिवर्तनानुसार बदलते. आता शंभर पेशींची सरासरी पन्नास टक्के आली असे धर. प्रत्येक पेशीत पन्नास टक्के दोष असेल तर कदाचित एकही पेशी आजारी नसेल, आणि निम्म्या पेशींत शंभर व उरलेल्यांत शून्य टक्के असेल तर निम्म्या पेशी निकामी असतील. आमच्या मार्केट यार्डात शंभर पोत्यांतली हळकुंडे एकत्र दळून त्या भुकटीवरून किडलेली पोती शोधू पाहावीत, तसा हा प्रकार आहे.

रक्ताबाबत आणखी एक अडचण आहे. ३२४३ चे रक्तातले प्रमाण वयाबरोबर घटत जाते, आणि २०२० मध्ये अशा रुग्णांच्या रक्तपेशी एकेक करून तपासल्यावर टी-पेशींमध्ये (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये) ते इतर पेशींपेक्षा ठळकपणे कमी असल्याचे दिसले. म्हणून प्रौढ रुग्णात लघवीतल्या पेशी किंवा स्नायूचा तुकडा अधिक विश्वासार्ह मानतात.

एकेका पेशीकडे पाहण्याची जुनी रीत मला आजही फार सुबक वाटते. स्नायूच्या पातळ कापावर दोन विकरांचे रंग चढवतात, पहिल्याचा तपकिरी आणि दुसऱ्याचा निळा. पहिल्या विकराचे काही घटक मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून बनतात, तर दुसऱ्याचे सगळे घटक केंद्रकातल्या जनुकांवरून. त्यामुळे निरोगी तंतू तपकिरी दिसतात, आणि बिघडलेल्या तंतूंत पहिले विकर नसल्याने ते निळे दिसतात. मग लेझरने नेमका निळा तंतू कापून त्यातल्या प्रती मोजता येतात.

नव्या पद्धतीत हजारो पेशी सूक्ष्म थेंबांत वेगळ्या करतात आणि ट्रान्सपोजेस नावाच्या विकराने डीएनए तोडून वाचतात. केंद्रकातला डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, मायटोकॉन्ड्रियाचा तसा नसतो, म्हणून हे विकर त्याला सहज तोडते. मात्र पेशी फुटून तिचा डीएनए शेजारच्या थेंबात गेला तर निरोगी पेशीही सदोष भासते, म्हणून आधी फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर कराव्या लागतात. शिवाय उत्क्रांतीच्या ओघात केंद्रकात शिरलेले मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे तुकडे वाचनात मिसळतात, ते वेगळेच.

पण मला खरी धास्ती वाटते ती मोजणीची. एका पेशीतले मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे दहाच रेणू वाचले आणि त्यांतले तीन सदोष निघाले, तर अहवालात तीस टक्के छापले जाईल. पंचाण्णव टक्के खात्रीने बोलायचे तर खरे प्रमाण सुमारे सात ते पासष्ट यांमध्ये कुठेही असू शकते. म्हणजे ती पेशी मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे, हेच ठरत नाही. त्यातच पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, एकाच रेणूच्या अनेक नकला होतात आणि दहा रेणू हजार वाचनांचे रूप घेतात, म्हणून प्रत्येक मूळ रेणूला आधीच ओळखखूण जोडलेली असावी लागते. एखाद्या लेखात पेशीपेशींमधला फरक रंगीत आलेखात कितीही देखणा दिसला, तरी मी प्रथम तळटीपेत दर पेशीमागे किती मूळ रेणू वाचले ते शोधतो, आणि तो आकडा नसेल तर आलेखाकडे पाहत नाही.

तुझ्या रुग्णासाठी पेशीनिहाय सिक्वेन्सिंगची (डीएनए वाचण्याची) गरज मला दिसत नाही. सकाळच्या लघवीचा नमुना पाठव, आणि त्यातूनही उलगडा झाला नाही तर स्नायूच्या बायॉप्सीचा विचार कर. प्रयोगशाळेला टक्केवारीबरोबर वाचनांची संख्या आणि ओळखता येणारे किमान प्रमाणही लिहून द्यायला सांग. अहवाल आला की मला पाठव. स्नायूचा काप काढायचे ठरले, तर मिरजेला स्लाइड कोणाला दाखवावी ते पाहून ठेवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन