मार्गोनं स्वतः लिहिलेली रात्र

प्रिय वृंदा,

तुझं पत्र मिळालं. कॅथरीन द मेडिचीवरची मालिका बघून तू विचारलंस, ‘ही बाई खरंच एवढी विषारी होती का गं?’ सविस्तर लिहिते, कारण माझा जीव तिच्यापेक्षा तिच्या लेकीत, मार्गारीतमध्ये गुंतलाय.

आधी आईचं. कॅथरीन फ्लॉरेन्सची, जन्म १५१९ चा. महिन्याभरातच आईबाप दोघंही गेले. चौदाव्या वर्षी लग्न होऊन फ्रान्सला आली. दहा वर्षं मूल नाही, आणि नवऱ्याचं सगळं लक्ष त्याच्या प्रेयसीकडे, दियान द प्वातिएकडे. १५५९ मध्ये तो, तेव्हाचा फ्रान्सचा राजा, भाल्यांच्या खेळात जखमी होऊन वारला, आणि पुढच्याच वर्षी दहा वर्षांच्या मुलाच्या नावानं राज्य हिच्या हाती आलं. जानेवारी १५६२ मध्ये प्रोटेस्टंटांना मर्यादित का होईना, उपासनेची मोकळीक देणारा हुकूम निघाला तो तिच्याच कारभारात. पडद्यावर मात्र विषाच्या कुप्याच जास्त दिसतात. मार्गारीतची होणारी सासू, नव्हार या छोट्या राज्याची राणी जान, हिला विषारी हातमोज्यांनी मारलं ही गोष्ट अजून रंगवून सांगतात. शवविच्छेदनात तर फुप्फुसांचा रोग निघाला होता. पण सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीतून, म्हणजे १५७२ मध्ये पॅरिसात झालेल्या प्रोटेस्टंटांच्या हत्याकांडातून, कॅथरीनला सोडवायला मी जाणार नाही. ते रक्त तिच्याही हाताला आहे.

आता लेक. फ्रेंच कादंबरीकार द्युमानं १८४५ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून पात्रिस शेरोनं १९९४ मध्ये सिनेमा केला. इझाबेल अजानी मार्गो, म्हणजे मार्गारीत, झाली. कॅथरीनच्या कामासाठी व्हिर्ना लिसीला कान चित्रपट महोत्सवात अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, आणि ते तिनं खरोखर कमावलंय. सिनेमा मला फार आवडतो. पण मार्गारीतनं स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्यात हे किती जणांना माहीत असतं? ओव्हेर्न्यमधल्या युसाँच्या किल्ल्यात दिवस काढताना तिनं त्या लिहिल्या. तिच्या काळातल्या ब्रांतोम या लेखकानं तिच्यावर भरभरून स्तुती लिहिली होती, त्यातल्या चुका तिला दुरुस्त करायच्या होत्या. छापल्या गेल्या त्या तिच्या मृत्यूनंतर, १६२८ मध्ये.

जानच्या मुलाशी, नव्हारच्या राजाशी, तिचं लग्न १८ ऑगस्ट १५७२ चं, कत्तल २४ तारखेच्या पहाटेची. ती लिहिते, मी कॅथलिक म्हणून ह्युगेनो (फ्रेंच प्रोटेस्टंट) माझ्यापासून सगळं लपवत, आणि नव्हारच्या राजाची बायको म्हणून कॅथलिकही. त्यामुळे तिला काहीच कळलेलं नव्हतं. रात्री ती आईपाशी बसलेली, शेजारी बहीण क्लोद. आई म्हणाली, जा, झोप. क्लोदनं तिचा हात धरला आणि रडत विनवलं, जाऊ नकोस. आई क्लोदवरच ओरडली. ही गेली नाही तर ह्युगेनोंना संशय येईल, म्हणून हिला जायलाच हवं! वृंदा, मी ते पान पुन्हापुन्हा वाचते. आईनं लेकीला जाणूनबुजून त्या रात्रीत पाठवलं, आणि का पाठवलं हे लेकीला कोणी सांगितलंसुद्धा नाही.

पहाटे दारावर धडका. दाईला वाटलं मार्गारीतचा नवराच आला, म्हणून तिनं दार उघडलं, तर एक रक्तबंबाळ माणूस आत शिरून थेट मार्गारीतच्या पलंगावर पडला, मागून चार तिरंदाज. तो तिला घट्ट धरून राहिला. दोघंही सारखेच घाबरलो होतो, असं तिनंच लिहिलंय. द्युमानं या माणसाच्या जागी ला मोल नावाचा सरदार आणून प्रेमकथा केली. मला तो अनोळखी माणूसच हवा. ओळखीचा नाही, प्रियकर नाही, तरी तिनं त्याला वाचवलं. नंतर नवऱ्याच्या दोन माणसांसाठी ती राजाच्या, म्हणजे भावाच्या, आणि आईच्या पाया पडली, आणि तेही वाचले.

काही दिवसांनी आईनं तिला शपथ घालून विचारलं, नवरा पुरुष आहे का? नसेल तर लग्न मोडता येईल. त्याचा काटा काढायचा बेत तिनं ओळखला आणि सांगितलं, ज्याच्याशी लग्न लावलंत त्याच्याचपाशी राहीन. वय होतं एकोणीस! इतकी धीट मुलगी अजून एकाही पडद्यावर पुरती आलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

आठवणींचा इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर मोफत मिळतो, पुस्तकही लहानसंच आहे. सिनेमा बघायच्या आधी तो वाच, आणि क्लोदबद्दल तुला काय वाटलं ते मला नक्की लिही.

तुझी,
मंगल