स्टाउअरहेडच्या रानात भेटलेल्यांचे आभार

गेल्या रविवारी इंग्लंडमधल्या विल्टशरमधल्या स्टाउअरहेडच्या बागेत आईला जिओकॅश (कुणीतरी लपवलेली, जीपीएसने शोधायची डबी; आत सही करायला वही असते) शोधायला नेलं होतं. तळं, त्याकाठची देवळं, त्यातलंच पँथिऑन हे सगळं पाहून झालं होतं. १७७२ साली पुरा झालेला किंग आल्फ्रेडचा मनोरा बघायचा, जमलं तर डबीही शोधायची, असं ठरलं. दाट झाडीखाली जीपीएस भरकटतं. फोन आम्हाला त्याच पंधरा-वीस पावलांत गोल गोल फिरवत होता. तेवढ्यात ओल्या पानांवरून आईचा पाय घसरला.

कुत्रा फिरवायला आलेल्या जोडप्याने तिला ओंडक्यावर बसवलं. बाईंनी स्वतःचा रुमाल आईच्या घोट्याला घट्ट बांधला, थर्मासमधला चहा दिला. काकांनी आपली काठी आईच्या हातात ठेवली, "राहू द्या, माझ्याकडे दुसरी आहे" म्हणाले. हिरव्या जाकिटातल्या स्वयंसेवक ताई आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आल्या. घाईत मी कुणाचंच नाव विचारलं नाही, याची रुखरुख आहे.

आणि तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा! आई बसली होती त्या ओंडक्याच्याच पोकळीतून त्याने डबी काढली, पण वहीत पहिली सही आजींची, असा हट्ट धरला. आईने मराठीत सही केली. डबी लपवणाऱ्यांचेही आभार: वही कोरडी होती, पेन्सिलीला टोक होतं.

आईचा घोटा आता बरा आहे. काठी ती साताऱ्याला घेऊन जाणार आहे.