कागद होते, तरीही रांचोंच्या जमिनी गेल्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील कॅलिफोर्नियाविषयीच्या लेखात असे म्हटले आहे, की स्पॅनिश आणि मेक्सिकन राजवटीत जमिनी मिळालेल्या रांचोमालकांकडे (रांचो म्हणजे गुरे पाळण्याची विस्तीर्ण जमीन) धड कागदपत्रेच नव्हती, म्हणून अमेरिकी अंमलात त्या त्यांच्या हातून गेल्या. लेख वाचनीय आहे. परंतु हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याच माथी दोष मारणारे असल्यामुळे त्याचा खुलासा व्हावा असे मला मनापासून वाटते.

गव्हर्नर पेद्रो फाजेस यांनी १७८४ साली काही जुन्या सैनिकांना गुरे चारण्यासाठी जमिनी दिल्या, तेव्हापासून ही पद्धत तेथे सुरू झाली. स्पेनच्या काळात अशा जमिनी थोड्याच दिल्या गेल्या. मिशनांच्या, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारकांच्या वसाहतींच्या, जमिनी धर्मसंस्थेच्या ताब्यातून काढून घेण्याचा कायदा मेक्सिकोने १८३३ साली केला, आणि त्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत मात्र शेकडो सनदा निघाल्या. अर्जदार गव्हर्नरकडे अर्जासोबत जमिनीचा हाताने काढलेला नकाशा देई, जमीन मोकळी आहे की नाही याची स्थानिक अधिकारी चौकशी करी आणि मग सनद मिळे. मोजणीसाठी दोन घोडेस्वार एका लांब दोरीची टोके धरून आळीपाळीने पुढे जात, चतुःसीमा ओढे, टेकड्या आणि मोठी झाडे यांवरून ठरत, आणि कब्जा घेताना नवा मालक गवत उपटून व मूठभर माती उधळून आपला हक्क जाहीर करी. मोजणी ढोबळ होती हे खरे. पण विस्तीर्ण माळरान आणि तुरळक वस्ती असलेल्या त्या प्रदेशात ती पुरेशी होती, आणि त्या काळच्या कायद्याला ती मान्य होती.

अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आला, तेव्हा २ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकन नागरिकांच्या मालमत्तेला संरक्षणाचे वचन दिले. जमिनींच्या सनदा स्पष्ट शब्दांत मान्य करणारे त्यातील दहावे कलम मात्र अमेरिकी सिनेटने मंजुरीच्या वेळी वगळले. पुढे १८५१ च्या कायद्याने हक्क शाबीत करण्याचा सगळा भार जमीनधारकांवर टाकला. तीन सदस्यांच्या आयोगापुढे दोन वर्षांत दावा दाखल केला नाही, तर जमीन सरकारी समजली जाणार होती. काही छाननी आवश्यकच होती, कारण होसे लिमांतूर नावाच्या व्यापाऱ्याने बनावट सनदांच्या आधारे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मोठ्या भागावर हक्क सांगितला, आयोगाने तो मान्यही केला, आणि १८५८ साली न्यायालयाने ती लबाडी उघडी पाडली. परंतु एकूण ८१३ दाव्यांपैकी सुमारे ६०० अखेरीस मान्य झाले, ही गोष्ट आपल्या लेखकाने लक्षात घ्यायला हवी होती. कागद नसते, तर हे घडले नसते.

मग जमिनी गेल्या कशा? अंतिम सनद हाती पडेपर्यंत सरासरी १७ वर्षे लागली. आयोगाचे कामकाज बहुतांशी सॅन फ्रान्सिस्कोतच आणि इंग्रजीत चाले, वकिलांची फी अनेकदा जमिनीच्या रूपानेच द्यावी लागे, आणि निकाल लागेपर्यंत घुसखोर खुशाल घरे बांधून राहत. त्यात १८६२ ते १८६४ च्या दुष्काळात गुरे मेली आणि उत्पन्नाचे साधनच गेले. आजच्या ग्लेंडेल व बरबँकच्या परिसरातील सान राफाएल रांचोचे हुलिओ वेर्दुगो यांनी १८६१ साली जमीन गहाण टाकून सुमारे ३,४४५ डॉलर कर्ज घेतले, दरमहा शेकडा ३ च्या व्याजाने. आठ वर्षांत ती रक्कम ५८,००० डॉलरांच्या वर गेली आणि सावकाराने जमिनीवर जप्ती आणली. त्यांच्या घराण्याचा हक्क आयोगाने नाकारलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट लेखात अजिबात आलेली नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत गंभीर आहे. रांचोमालक हे त्या भूमीचे मूळ रहिवासी नव्हेत. गव्हर्नर होसे फिगेरोआ यांच्या १८३४ च्या नियमांनुसार मिशनांच्या मालमत्तेचा मोठा वाटा तेथे राबणाऱ्या आदिवासींना मिळायचा होता. प्रत्यक्षात बहुतेकांच्या पदरी काहीच पडले नाही. आयोगापुढे दावा करावा लागतो हेही त्यांना कोणी धडपणे सांगितले नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील वॉर्नर्स रांचवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुपेन्यो आदिवासी लोकांचा हक्क १९०१ साली सर्वोच्च न्यायालयाने असा दावा दाखल झाला नव्हता, नेमक्या याच कारणावरून फेटाळला, आणि १९०३ साली त्यांना गरम पाण्याचे झरे असलेले आपले गाव सोडून पाला येथे जावे लागले.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात आज मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सनीव्हेल आणि मिलपिटास ही गावे जुन्या रांचोंच्याच जमिनीवर उभी आहेत, त्यामुळे आपल्या वाचकांपैकी अनेकांचा या इतिहासाशी जवळचा संबंध येतो. म्हणून सदर विधानाची दुरुस्ती पुढील पुरवणीत प्रसिद्ध करावी, आणि त्या दुरुस्तीत कुपेन्यो लोकांचा उल्लेख अवश्य असावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली