सगळ्यांपुढे 'शांत करणे'

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार वगैरे तुला लिहिलं तर पत्र चुकून आलंय असं वाटेल तुला, म्हणून ते राहू दे. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, गोळ्या चालू आहेत. झालं.

लिहायला बसलो, कारण आजचा प्रकार दुसऱ्या कुणाला सांगितला तर तो म्हणेल, "बरं, मग?" मी तपासतोय त्या इंग्रजी-मराठी विद्यार्थी-कोशाची प्रुफं आली. नेहमीप्रमाणे मी नुसती मराठी बाजू वाचत निघालो. अलेय (allay): शांत करणे. अपीज (appease): शांत करणे. अस्वेज (assuage): शांत करणे. पुढे काम (calm), मॉलिफाय (mollify), पॅसिफाय (pacify), प्लॅकेट (placate), सूद (soothe), सगळ्यांच्या नशिबी तेच. कोशाचं काम बघणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "एका नोंदीला एकच ओळ, ठरलंय आपलं. आणि तुम्ही जरा रिलॅक्स व्हा हो!" मला! रिलॅक्सची नोंद अजून तपासायचीच होती, तर उदाहरण आयतं घरपोच.

खरं सांग, तापलेला माणूस 'रिलॅक्स' किंवा 'काम डाउन' ऐकून निवल्याचं तू कधी पाहिलंयस? 'तिनं त्याला काम डाउन केलं' असं मागाहून सांगताना तो शब्द किती समजूतदार वाटतो. तोच आज्ञार्थी झाला, तोंडावर आला, की त्यात निकाल लागलेला असतो: तुझ्या रागाला काही अर्थ नाही. तुझी आणि वंदीची निम्मी भांडणं तुझ्या 'चिल'नं पेटलेली आहेत. साक्षीदार मीच होतो, नाही म्हणू नकोस.

आता मूळ दुखणं. खोलीवर रात्र रात्र जागून तू जे खोडून काढायचास तेच मी अजून म्हणतोय: या शब्दांचा अर्थ पाठ करून भागत नाही, त्यांचं कर्म बघावं लागतं. अलेय करायची ती भीती, शंका, काळजी. माणसाला अलेय करता येत नाही. अस्वेजच्या वाट्याला अपराधी भावना, दुःख, भूक. माणूस रुसला-रागावला असेल तर मॉलिफाय नाहीतर प्लॅकेट, आणि प्लॅकेटमध्ये काहीतरी हातावर ठेवून बोळवण केल्याचा वास येतो. चिडलेल्या गिऱ्हाइकाला प्लॅकेट करतात. रडणाऱ्या तान्ह्या बाळाला सूद करतात, भाजलेल्या कातडीलाही. पॅसिफाय तर भलताच दुतोंडी: अमेरिकेत बाळाची चोखणी म्हणजे पॅसिफायर, आणि फौज घुसवून एखादा मुलूख दडपला तर तोही पॅसिफाय केला म्हणायचं. पोरांनी 'शांत करणे' पाठ करून परीक्षेत लिहावं, "मी माझी भीती प्लॅकेट केली", आणि मार्क त्यांचे कापावेत, हा कुठला न्याय?

अपीजचं तर वाचवत नाही. 1938 साली म्युनिकच्या करारात चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हिटलरच्या पदरात घातला. तोवर ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्यासारखी माणसं हा शब्द आपल्या धोरणासाठी उजळ माथ्यानं वापरत होती. पुढच्या वर्षी युद्ध पेटलं आणि शब्दाला जो डाग लागला तो आजतागायत निघालेला नाही. आता कुणाच्या धोरणाला अपीजमेंट म्हणणं म्हणजे शिवीच. आणि आमच्या कोशात? शांत करणे. शाब्बास!

सूद मात्र मला मनापासून आवडतो. जुन्या इंग्रजीत सूथ म्हणजे सत्य. त्यावरून सूद करणे म्हणजे आधी खरं ठरवणे, मग समोरच्याच्या म्हणण्याला होकार भरणे, मग गोड बोलून खूश ठेवणे, आणि शेवटी आजचा अर्थ. नाना 'आमच्या वेळी' सुरू झाले की आपण दोघं "हो ना, खरंय" करत माना डोलवायचो, तेच हे. तुझी मान माझ्यापेक्षा जास्त डोलायची, म्हणून सायकल तुला मिळाली.

'काम' (calm) हा शब्द कुठून आला, यावरची पैज तू जिंकलास असं तू अजून धरून चालला आहेस. ग्रीक काउमा म्हणजे उष्मा, हे तू सांगितलंस, कबूल. पण दुपारच्या काहिलीत कामं थांबतात, माणसं आडवी होतात, म्हणून उष्म्याची विश्रांती झाली, ही वाट मीच जोडून दिली होती. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या श्रेणीत शून्य वाऱ्याला 'काम' म्हणतात; धूर सरळ वर जातो. शिडाच्या जहाजावरच्या खलाशाला ती आनंदाची बातमी नव्हे, हे लक्षात घे.

थांबण्याच्या शब्दांची प्रुफं उद्या यायची आहेत आणि मला आत्तापासूनच धास्ती आहे. पॉजमध्ये पुन्हा सुरू होणार हे गृहीत असतं, स्टॉपमध्ये नसतं. लल (lull), म्हणजे मधली शांतता, आपण घेत नाही, तो आपोआप पडतो, आणि ऐकणारा लगेच पुढच्या वादळाची वाट पाहतो. रेस्पिट (respite), म्हणजे घटकाभरची सुटका, हालअपेष्टांतून मिळतो. सुखातून कुणी रेस्पिट मागत नाही. 'हँग ऑन' म्हणजे क्षणभर थांबा, पण तेच जरा ताठ आवाजात म्हटलं की "एक मिनिट, काय म्हणालात?" आणि वैमानिकाला रेडिओवर 'स्टँडबाय' ऐकू आलं तर त्याचा अर्थ फक्त 'थांबा, मी परत बोलतो'. तो होकार नाही, नकारही नाही. या सगळ्यांपुढे 'थांबणे' छापून आलं तर मी नाव काढून घ्या म्हणणार आहे.

तुझं कसं चाललंय? घर बदललंस ते वंदीकडून कळलं, तू कशाला कळवशील! धाकटी नोकरीला लागली, तिला शाबासकी सांग. वहिनींच्या डोळ्यांचं झालं का ऑपरेशन?

आता कामाचं बोल. एका ओळीची अट मोडायची नाही, म्हणून मी कंसात कर्म घालतोय: अलेय, (भीती, शंका) दूर करणे. अस्वेज, (दुःख, अपराधी भावना) हलकी करणे. बाईंना हे चालेलसं दिसतंय. अपीजपुढे 'मागेल ते देऊन गप्प बसवणे' लिहिलंय, पण भूकही अपीज होते, तिचं काय करू? मॉलिफायला 'समजूत काढणे' पुरेसं आहे का? शनिवारी प्रुफं परत जातात, त्याआधी कळव. भांडायचं असेल तर सरळ फोन कर, पत्रात तू उगाच सभ्य होतोस.

तुझा,
बाळ्या