धमनी म्हणजे लोखंडी नळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला हृदयविकारावरचा लेख वाचला. माहिती बरीचशी बरोबर आहे, आहाराचा भाग तर चांगलाच उतरला आहे. पण सोबतचे चित्र! लोखंडी नळ, त्यात चहूबाजूंनी धरलेला पिवळा गाळ आणि खाली ओळ : ‘कोलेस्टेरॉल असे साचते.’ तसे ते साचत नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे. मानेच्या आणि पायांच्या रक्तवाहिन्यांचे डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करणे हे माझे रोजचे काम, म्हणून राहवले नाही.

नळाचे गणित खरे असते, तर गाळ सगळीकडे सारखाच धरला असता. रक्त तेच, त्यातले कोलेस्टेरॉल तेच. तरी गाठी (आम्ही प्लाक म्हणतो) होतात त्या ठरावीक जागीच : धमनीला फाटा फुटतो तिथे बाहेरच्या कडेला, नाहीतर वळणाच्या आतल्या बाजूला. मानेतली कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या शाखेची सुरुवात जरा फुगीर असते. तिथे प्रोब ठेवला, की धडधाकट तरुणाच्या मानेतही पडद्यावर एक गंमत दिसते. डोक्याकडे निघालेले रक्त आमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये लाल दिसते. त्या लाल प्रवाहाच्या कडेला, बाहेरच्या भिंतीलगत, प्रत्येक ठोक्याला एक निळा ठिपका चमकून जातो. निळा म्हणजे तिथले रक्त क्षणभर उलटे फिरले. हा आजार नव्हे, नवखे निवासी डॉक्टर मात्र तो पाहून हटकून दचकतात. पण पुढे उतारवयात त्याच माणसाच्या मानेत गाठ सापडलीच, तर ती बहुधा याच बाहेरच्या भिंतीला असते.

असे का, यावर १९६०च्या दशकाच्या अखेरीस चांगलाच वाद झाला होता. अमेरिकेतल्या डोनाल्ड फ्राय यांनी १९६८मध्ये दाखवले, की प्रवाहाचे घर्षण फार वाढले तर धमनीचे अस्तर फाटते. म्हणजे जोराच्या प्रवाहानेच रोग होत असणार, असे वाटण्याजोगेच ते होते. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी १९६९मध्ये नेमके उलटे मांडले : गाठी दिसतात त्या घर्षण कमी असते तिथे. पुढच्या संशोधनाने कॅरोंच्याच बाजूने कौल दिला. आज पाठ्यपुस्तकांत तेच शिकवतात, त्यात एवढीच भर, की प्रवाह नुसता मंद नव्हे तर डळमळीत, मागेपुढे होणारा असेल तर अधिक वाईट.

हे घर्षण असते तरी किती? निरोगी धमनीत साधारण १ ते २ पास्कल, काही ठिकाणी त्याहून अधिक. तुलनेला, १२० हा वरचा रक्तदाब म्हणजे सुमारे १६ हजार पास्कल. इतका हलका स्पर्शही अस्तराला कळतो, आणि हे अस्तर आहे जेमतेम एका पेशीच्या जाडीचे! सरळ, वाहत्या भागात या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन शिस्तीत पडतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडत राहतात. त्याने धमनी सैल राहते, रक्तातल्या प्लेटलेट चिकटत नाहीत. (हा रेणू रक्तवाहिन्यांत निरोप्याचे काम करतो, या शोधासाठी १९९८चे वैद्यकाचे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले.) घर्षण ०.४ पास्कलच्या खाली गेले की त्याच पेशी बेढब होतात, नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, भिंतीत कोलेस्टेरॉल मुरू लागते, पांढऱ्या पेशी चिकटून आत शिरतात. जागा प्रवाह ठरवतो, माल मात्र कोलेस्टेरॉल, तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब पुरवतात. त्यांना मी मोकळे सोडत नाही.

भिंत तिच्या वाट्याला आलेल्या प्रवाहाप्रमाणे बदलते, ही गोष्ट बायपासमध्ये उघड्यावर येते. पायातली शीर काढून हृदयावर जोडली, की मंद प्रवाहात वाढलेल्या त्या शिरेवर एकदम धमनीचा दाब आणि ओघ येतो. तिची भिंत जाड होत जाते, पुढे गाठीही धरतात. छातीच्या आतली धमनी जोडली तर ती बहुतेकांत दहा वर्षांनंतरही उघडी असते. सर्जन मंडळी ‘लिमा’वर (छातीतल्या डाव्या बाजूच्या याच धमनीवर) जीव टाकतात ते उगीच नाही.

गाठ अस्तराच्या वर चिकटत नाही, अस्तराखाली, भिंतीच्या आत वाढते. अँजिओप्लास्टीतही ती खरवडून काढत नाहीत, फुग्याने भिंतीत दाबतात आणि स्टेंट बसवतात. मग ‘नसा आतून धुऊन काढणारा’ काढा नेमके काय धुणार? त्याची अर्ध्या पानाची जाहिरात आपल्याच अंकात अधूनमधून येते. चालण्याने प्रवाह वाढतो आणि अस्तराला हवे ते घर्षण मिळते, काही तास सलग बसले तरी पायांच्या धमन्यांची सैल होण्याची क्षमता घटते. हे आपल्या लेखात आले असते तर बरे झाले असते.

जाहिरात बंद करा असे मी म्हणत नाही, वर्तमानपत्राचा खर्च मलाही कळतो. पण असा काढा सुरू करून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर सोडून दिलेले रुग्ण माझ्या टेबलावर येतात. ‘डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये’ एवढी एक ओळ, वाचता येईल अशा टायपात, त्या जाहिरातीखाली सक्तीने छापता येईल का?

आपला,
एक वाचक, सांगली