रोजच्या तांब्याभर पाण्याविषयी

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा सहज बोलून गेले की, रोज सकाळी तांब्याभर विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घातले की गाडी दिवसभर तक्रार करीत नाही. ते वाक्य रात्रभर माझ्या डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. बाबा, तुम्ही पंधरा वर्षे ही गाडी जिवापाड सांभाळलीत, हे मी जाणते. परंतु कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवण्यासाठी पाण्यात मिसळून घालतात त्या द्रवाची, वाट बंदिस्त असते. तिच्यात महिनोन्‌महिने काही घालावे लागू नये. रोज पाऊण लिटर लागते, याचा अर्थ रोज पाऊण लिटर कुठेतरी जाते, आणि ते कुठे जाते हे कळल्याशिवाय वरून पाणी घालत राहणे मला धोक्याचे वाटते.

आपल्या गाडीच्या इंजिनात आणि रेडिएटरमध्ये मिळून चार लिटरच्या आसपास मिश्रण मावते. सुरुवातीला त्यात निम्मे कूलंट होते असे धरले आणि रोज पाऊण लिटर बाहेर जाऊन तेवढेच साधे पाणी आत आले, तर आठवड्याभरात कूलंटचा हिस्सा जेमतेम एक अष्टमांश उरतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, तीही त्याबरोबर जातात. विहिरीच्या पाण्यातले क्षार मात्र रोज नव्याने आत येतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये, आपल्या बंबाच्या तळाशी धरते तशी, पुटे धरू लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट दाबाची आहे. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसून ते आतला दाब धरून ठेवते. अशा गाड्यांच्या झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो तुम्हीही वाचू शकाल. ०.९ चा दाब, म्हणजे बाहेरच्या हवेहून ०.९ बार जास्त, टिकला, तर साधे पाणीसुद्धा ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. पण गळतीतून दाब निसटला, की बेळगावच्या साडेसातशे मीटर उंचीवर तेच पाणी ९७-९८ अंशांना उकळते. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि पंखा ९५च्या आसपास सुरू होतो, म्हणजे वंटमुरी किंवा तवंदीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी असताना हाताशी दोन-तीन अंशच उरतात. म्हणून बाबा, पाणी पुरेसे आहे एवढ्यावर विसंबू नका.

तापमानाच्या काट्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नका. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरे सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो वाफेत उघडा पडतो, आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, भलतेच तापत असताना काटा खाली उतरलेला दिसू शकतो. चढावर काटा एकाएकी खाली आला, तर त्याला शुभशकुन न मानता गाडी लगेच बाजूला घ्यावी.

आता आईने जे सांगितले त्याकडे वळते, कारण माझ्या मते खरा धागा तिलाच सापडला आहे. आई, तू म्हणालीस की तुझ्या पायाखालची चटई ओलसर असते आणि काचेवर आतून धुके धरते. जूनमध्ये तू हे सांगितले असतेस, तर खानापूरचा पाऊस म्हणून मी सोडून दिले असते. पण चैत्रात चटई ओली का व्हावी? डॅशबोर्डच्या मागे हीटरचा एक लहानसा रेडिएटर असतो आणि त्यातून इंजिनचेच गरम पाणी फिरते. तो गळू लागला तर जमिनीवर थेंब न पडता पाणी गाडीच्या आत उतरते, आणि म्हणूनच तुम्हाला गाडीखाली कधी डाग दिसला नसेल. अर्थात एसीची पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली, तरीही तिथेच ओल येते. तेव्हा जुन्या पांढऱ्या कापडाने चटई टिपून पाहा. एसीचे पाणी साधे, बिनवासाचे असते. कूलंट बोटांना बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास येतो आणि कापडावर रंगाची छटा उतरते. मिश्रण आता पातळ झाले असल्याने खुणा फिक्या असतील, म्हणून नीट पाहा. मात्र ते चाखू नका, आणि ते कापड शेजारच्या कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही असे ठेवा. कूलंट गोड असले तरी विषारी असते.

बाबांनी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, एवढे पाहावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. होज पाइपांच्या क्लिपांपाशी आणि वॉटर पंपाखालच्या बारीक भोकापाशी वाळलेले पांढरे-हिरवे ओघळ आहेत का, ते बघावे. मग ऑइलची पट्टी काढून, ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजूही पाहावी: तिथे ताकातल्या लोण्यासारखा फेस असेल, किंवा रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, किंवा गाडी तापल्यावरही मागून पांढरा धूर येत राहत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सांधा बंद करणारी पट्टी, गेलेली असण्याची शक्यता धरावी लागेल. तसे निघाले तर गाडी सुरूच करू नका. हेड अल्युमिनियमचे असते, ते वाकले की बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये नेऊन फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, घेण्यावाचून इलाज नसतो, आणि तडा गेला तर तोही उपाय उरत नाही.

मिस्त्रींना प्रेशर टेस्ट करायला सांगा. थंड रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटे तो उतरतो का हे पाहायचे. गरम इंजिनावर थेंब पडताक्षणी सुकतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी गळती यात सापडते. हीटरचा रेडिएटर गळका निघाला, तर त्याच्या दोन्ही नळ्या बाहेरच एकमेकींना जोडून तो तात्पुरता वगळता येतो. त्याचबरोबर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे आवर्जून विचारा. मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये तो काढून टाकायचा सल्ला मिळाला होता, असे तुम्ही सांगितले होते. तो काढल्याने गळती थांबत नाही, उलट इंजिन नेहमी हवे तेवढे तापत नाही आणि पेट्रोल जास्त जाते.

हे होईपर्यंत बेळगावला जायचे तर बसनेच जा. चोर्ला घाटाने गोव्याचा बेत तर मनातही आणू नका. आणि गाडी कधी तापलीच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. आतले पाणी उसळून अंगावर येते, बाबा, आणि तुमची वाकून झाकण उघडण्याची सवय मला ठाऊक आहे. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका.

मी शनिवारी सकाळी पोहोचते. येताना नवे झाकण, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घेऊन येते. चटई पुसलेले कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्यासाठी ठेवा, आणि बाबा, उद्या सकाळी तांब्या उचलण्याआधी पाण्याची पातळी किती खाली गेली आहे ते पट्टीने मोजून मला कळवा.

तुमची लेक